घरातला न, शाळेतला न

विरारच्या फुलपाड्यातल्या त्या शाळेत पहिलीचा वर्ग कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. फाटकातून आत पाऊल टाकलं की आवाजच बोट धरून न्यायचा. एकोणसत्तर मुलं एका दमात बाराखडी म्हणत असायची आणि त्या सगळ्यांच्या वर आल्बिनाबाईंचा आवाज असायचा.

आल्बिना तुस्कानो, वय चोपन्न, राहणार भुईगाव. नवरा फ्रेडरिक केळीची आणि सोनचाफ्याची वाडी बघायचा आणि बाई रोज सकाळी स्कूटी काढून विरारला यायच्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पहिलीच शिकवली होती. त्या लागल्या तेव्हा पहिलीच्या तीन तुकड्या होत्या. मग एक शिक्षिका निवृत्त झाल्या, त्यांची जागा कुणी भरली नाही. पुढे दुसऱ्या गेल्या, त्यांचीही जागा रिकामीच राहिली. तुकड्या एकमेकींत मिसळत गेल्या आणि शेवटी शाळेच्या जुन्या सभागृहात सगळी पहिली एकट्या आल्बिनाबाईंच्या पदरात पडली. बाकं चाळीस मुलांपुरती होती. बाकीची सतरंजीवर बसायची.

दुसऱ्या कुणी हात टेकले असते. बाईंनी त्याचं शास्त्र केलं. एक टाळी वाजली की एकोणसत्तर तोंडं मिटायची. दोन टाळ्या म्हणजे पाट्या वर. तीन म्हणजे रांग. भुईगावच्या चर्चमध्ये त्या ऐन तारुण्यापासून क्वायरमध्ये गायच्या, तेव्हा आवाज कसा लावायचा आणि लोकांकडून कसा काढून घ्यायचा हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. संस्थेच्या इतर शाळांतले शिक्षक त्यांचा वर्ग बघायला यायचे, दारात उभे राहायचे आणि जाताना म्हणायचे, "बाई, हे आम्हाला नाही जमायचं." हे वाक्य बाईंना फार आवडायचं. घरी जाऊन त्या ते फ्रेडरिकला जसंच्या तसं सांगायच्या.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापक श्रीरंग सरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. सरांच्या हातात एक पत्र होतं आणि चेहरा असा, की पेढे आणायचेच राहिले असावेत.

"बाई, सरकारचा निधी मंजूर झालाय. पहिली-दुसरीच्या वर्गात पंचवीसच्या वर मुलं नकोत, यासाठी. निवडक शाळांत, आधी दोन वर्षं. त्यात आपण आहोत. दोन नवे शिक्षक मिळतील, खोल्या नीट करून मिळतील. दिवाळीनंतर तुमच्या वर्गाच्या तीन तुकड्या."

बाईंनी पत्राकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "सर, माझी तक्रार केली का कुणी?"

"तक्रार? अहो, तक्रार कसली?"

"मग माझा वर्ग मोडायचं काय कारण? मला झेपत नाही असं मी कधी म्हटलं?"

सरांनी पत्राची घडी घातली. "बाई, तुम्हाला झेपतं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मुलांना झेपतं का, ते अजून कुणी बघितलेलं नाही."

बाईंना ते लागलं. दिवाळीची सुट्टी त्यांनी घुम्यासारखी काढली.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा कोठीची खोली रंगवून झाली होती आणि सभागृहाच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी होती. भिंतीपलीकडे यतीन नावाचा सव्वीस वर्षांचा नवा शिक्षक, कोठीच्या खोलीत एक नवी शिक्षिका, आणि अलीकडे आल्बिनाबाई. तेवीस मुलं समोर बसली होती. सगळी बाकांवर. तरीही बाकं उरली होती.

बाईंनी सवयीनं टाळी वाजवली आणि "चला, सुरू करा!" म्हणून आवाज लावला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं दोन्ही हात कानांवर ठेवले. बाई चपापल्या. त्यांना वाटलं, मुलगी आगाऊपणा करतेय. मग लक्षात आलं की खोली निम्मी झाली होती, आपला आवाज मात्र अजून सगळ्या सभागृहाचाच होता. त्या दिवशी त्यांना बोलायचं कसं तेच कळेना. हळू बोलावं तर शिकवल्यासारखं वाटेना, मोठ्यानं बोलावं तर मुलं दचकायची. भिंतीपलीकडून यतीनच्या वर्गातली कुजबुज ऐकू यायची, मधेच मुलांचं हसणं. बाई मनात म्हणायच्या, ह्याला शिस्त लावायला हवी.

पत्रात एक अट होती. रोज थोडी थोडी मुलं घेऊन प्रत्येकाचं वाचन एकेकट्यानं ऐकायचं. सगळ्यांनी मिळून म्हणायचं नाही, एकेकानं वाचायचं. बाईंना वाटलं, हा निव्वळ वेळेचा खेळखंडोबा. पण नियम तो नियम. त्यांनी पहिल्यांदा उमंगला बोलावलं, म्हणजे निदान सुरुवात तरी दणक्यात होईल.

उमंग त्यांचा हुकमाचा एक्का होता. पाहुणे आले की त्यालाच उभं करायचं. सगळी मुलं त्याच्या मागोमाग म्हणायची. तो बाईंच्या शेजारी येऊन बसला, पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाला. एक शब्द चुकला नाही.

"शाब्बास. आता बोट ठेवून वाच बरं. कुठे वाचतोयस ते मला दिसू दे."

उमंगनं बोट ठेवलं. बोट ओळीवरून ऐटीत सरकू लागलं आणि वाक्य संपायच्या आतच ओळीच्या टोकाला जाऊन थांबलं. उमंगचं म्हणणं मात्र चालूच होतं. बाईंनी वाकून पाहिलं. तो म्हणत होता नववं पान, आणि समोर उघडं होतं अकरावं.

बाईंनी पुस्तक मिटलं. पाटीवर एक साधा शब्द लिहिला आणि त्याच्यासमोर धरला. उमंगनं पाटीकडे बघितलंच नाही. तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

"वाच ना रे."

"तुम्ही सुरुवात करा ना बाई," तो अगदी विश्वासानं म्हणाला. "मग मला येतं."

बाईंनी पाटी खाली ठेवली. क्वायरमध्ये चाळीस माणसांत एकाचा सूर घसरला तर त्यांना डोळे मिटून सांगता यायचं, कोण ते. आणि हा पोरगा जूनपासून त्यांच्या डोळ्यांसमोर, सगळ्यांच्या पुढे उभा राहून म्हणत होता आणि त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यानं काही लबाडी केली नव्हती. त्याला वाटत होतं, वाचणं म्हणतात ते हेच.

मधल्या सुट्टीत त्या यतीनच्या वर्गात गेल्या. त्याला शिस्त लावायचं आता त्यांच्या डोक्यातही नव्हतं. तो मुलांचे डबे उघडून देत होता.

"यतीन सर, तुमच्याकडे वाचन ऐकलंत का सगळ्यांचं?"

यतीन उभा राहिला. चेहरा पडलेला. "बाई, सॉरी, पण माझ्याकडे पाच जण असे आहेत की त्यांना सगळं पाठ आहे, वाचायला काहीच येत नाही. मला वाटलं माझंच काही तरी चुकतंय. तुमची मुलं ना ती, म्हणून बोलायची हिंमत झाली नाही."

"तुमचं नाही चुकलं," बाई म्हणाल्या आणि वळून निघून गेल्या. त्यांना तिथे थांबवेना.

त्या दिवसापासून बाई बाकावरून उतरून सतरंजीवर बसायला लागल्या. गुडघे कुरकुरायचे, पण मुलाच्या पुस्तकात डोकं घालायचं तर तेवढं खाली यावंच लागायचं. एकेकाचं ऐकायला लागल्यावर रोज काही ना काही निघू लागलं. एका मुलाला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. एक मुलगी शब्द उजवीकडून लावत होती. चार महिने ही मुलं एका आवाजात मिसळून गेली होती, आता ती एकेक करून वर येत होती.

रेवाची पाळी जवळजवळ शेवटी आली. रेवा मागच्या कोपऱ्यातली, दोन घट्ट वेण्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं घर मूळचं मिठागराकाठच्या गावातलं. बापानं टेम्पो घेतला तेव्हा घर फुलपाड्यात आलं, आणि आजी, अनसूया, इथल्या बाजारात सुकी मासळी विकायला बसू लागली. पहिल्या सत्राच्या नोंदीत बाईंनी रेवापुढे तीन शब्द लिहिले होते: अबोल, वाचन कच्चे.

रेवानं पुस्तकावर बोट ठेवलं आणि जेमतेम ऐकू येईल असं वाचलं, "ताई, पानी आन."

"पाणी," बाई म्हणाल्या.

"पानी."

"ण, ण. जीभ वर लाव. पाणी."

"पानी." रेवाचे डोळे भरून आले.

एकोणसत्तरांच्या वर्गात बाई इथून पुढे गेल्या असत्या. थांबायला वेळच नसायचा. आज वेळ होता. बाई गप्प राहिल्या आणि त्या गप्प राहण्यात त्यांच्या ध्यानात आलं की बोट बरोबर चाललं होतं. प्रत्येक अक्षराखाली, नेमकं. त्यांनी पाटी घेतली आणि पुस्तकात कुठेच नसलेला शब्द लिहिला: वेणी.

"वेनी," रेवा म्हणाली.

लोणी. "लोनी." खेळणी. "खेलनी."

बाई पाटीवर लिहीत गेल्या, पुसत गेल्या, आणि रेवा वाचत गेली. आता तिला आधीच्याइतकी भीती वाटत नव्हती.

"अगं, तुला वाचता येतं!"

"हो." जणू कुणी विचारलं होतं, तुला नाक आहे का.

"केव्हापासून?"

"गनपतीपासून."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"तुमी इचारलं नाय."

बाईंनी पाटी पुसली आणि दोन अक्षरं शेजारी शेजारी काढली, न आणि ण. पहिल्यावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

"हा घरातला न."

"आणि हा?"

"हा शालेतला न."

"पण तू तर दोन्ही सारखेच म्हणतेस."

रेवानं थोडा विचार केला. "माझ्या तोंडात एकच हाय. लिवताना दोन लागतात. मला ठावं हाय कुठं कंचा लागतो. बगून ठेवलंय." मग खाली बघत म्हणाली, "सगली म्हनतात ना, तवा माझा येगला ऐकू येतो. म्हनून मी नुसतं तोंड हलवते."

बाईंनी पाटी तिच्या हातात दिली. "लिही. पाणी. पान. कोण. मन."

रेवानं चारही शब्द लिहिले. ण च्या जागी ण, न च्या जागी न. एकही चुकला नाही.

आल्बिनाबाई त्या दोन वेण्यांच्या मधल्या भांगाकडे बघत राहिल्या. सहा वर्षांची पोर. घरात कुणी पुस्तकाला हात न लावणारं. तिनं कुणाच्या मदतीशिवाय ओळखलं होतं की शाळेची भाषा आणि आपली भाषा वेगळी आहे. दोन्हींतला फरक अक्षरापर्यंत शोधून काढला होता, त्याला नावं दिली होती आणि आपली चूक ऐकू जाऊ नये म्हणून ती चार महिने नुसते ओठ हलवत बसली होती. बाईंच्याच वर्गात. पवित्र मिस्सेच्या प्रार्थनेत घंटा वाजते आणि भरलेलं चर्च क्षणभर श्वास धरतं, तसं काहीतरी बाईंना झालं. तेवीस मुलांच्या त्या खोलीत, प्लायवुडच्या भिंतीशेजारी. त्यांना वाटलं, उठून उभं राहावं.

त्यांना स्वतःचीही आठवण झाली. भुईगावात घरी एक बोली, शाळेत दुसरी. पहिलीत असताना त्या घरचा एक शब्द वर्गात बोलल्या होत्या आणि सगळे हसले होते. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हे त्या साफ विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला दोन न ची गोष्ट सांगितली, रेवाला शेजारी उभं करून. "आपल्या प्रत्येकाच्या घरात एक बोलणं असतं. ते चूक नसतं. शाळेत आणखी एक शिकायचं. दोन आले तर बिघडलं कुठे?" मग ण म्हणायला जीभ कुठे लावायची ते सगळ्यांनी करून पाहिलं. रेवाचा ण पाचव्या दिवशी निघाला. तोवर निम्म्या वर्गाला गंमत म्हणून "पानी" म्हणायची सवय लागली होती.

उमंगचं मात्र अडलेलंच होतं. पाठांतर त्याच्या आड यायचं. पहिलं अक्षर दिसलं की तो पुढचं सगळं मनानं म्हणून मोकळा. बाईंनी पुस्तकच बंद केलं. रोज दहा मिनिटं, पाटी आणि सुटे शब्द. नाताळ झाला, जानेवारी उजाडला. उमंग चिडायचा, रडायचा, "मला येतं, मला येतं" म्हणायचा.

एका सकाळी बाईंनी तीन अक्षरं लिहिली. उमंगनं बोट ठेवलं. "म. ग. र." सपाट आवाजात, तीन दगड ठेवावेत तशी. "म. ग. र." पुन्हा. "मग. र." मग तो थांबला. बाई त्याच्याकडे बघत होत्या, म्हणून त्यांना सगळं दिसलं. आधी भुवया जवळ आल्या. ओठ आवाज न करता हलले. मग डोळे असे मोठे झाले की जणू समोर कुणी येऊन उभं राहिलंय.

"मगर!" तो ओरडला. "बाई, मगर आहे ही! इथे मगर लिहिलीय!"

आणि त्यानं पाटी उलटी करून मागे पाहिलं, ती कुठून आली ते बघायला.

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. त्यांच्या हाताखालून हजारावर मुलं गेली होती. त्यांतली बरीच वाचायला शिकली, मोठी झाली, नोकरीधंद्याला लागली. पण मूल वाचायला लागतं तो क्षण, अक्षरं विरघळून आत मगर दिसते तो क्षण, त्यांनी आयुष्यात कधी पाहिलाच नव्हता. तो त्यांच्या पाठीमागे, सतरंजीच्या कडेला कुठेतरी घडून जायचा. किंवा घडायचाच नाही.

शाळा सुटल्यावर त्या श्रीरंग सरांच्या समोर जाऊन बसल्या.

"सर, अठ्ठावीस वर्षं मी काय बघत होते हो?"

सरांनी चष्मा काढला. "तुम्ही त्यांना सांभाळत होतात, बाई. एकोणसत्तर पोरं कुणाला इजा न होता घरी पाठवत होतात. बघायला वेळ कुणी दिला होता तुम्हाला?"

"जी शिकली नाहीत, त्यांचं काय?"

सरांनी खणातून एक छापील तक्ता काढला. "निधीचा अहवाल मागवलाय. टक्केवारी भरायची आहे. पुढे पैसे चालू ठेवायचे की नाही ते यावर ठरेल म्हणतात. तुम्ही भरा."

बाईंनी तक्ता भरला. त्याच्यासोबत वहीची तेवीस पानं जोडली. एका मुलाला एक पान. कोणाला काय येत नव्हतं, ते कसं कळलं, मग काय केलं. उमंगच्या पानावर मगर होती. रेवाच्या पानावर चार शब्द होते, रेवाच्याच अक्षरात.

मार्चमध्ये पालकसभा झाली. पूर्वी बाई सगळ्या पालकांना समोर बसवून एकच भाषण करायच्या. या वेळी त्यांनी एकेकाला बोलावलं. अनसूया आली ती टोपली दाराबाहेर ठेवून, पदर सावरत. बसायला सांगितलं तरी बसेना.

"बाई, पोर पानी म्हनते म्हनून नापास करनार काय तिला? तिची चूक नाय. आमी समदीच तशी बोलतो."

"बसा तर खरं आजी. तुमच्या नातीनं मला काय शिकवलं ते सांगते."

बाईंनी सगळं सांगितलं. अनसूया ऐकत राहिली. मग तिनं पुस्तक पुढ्यात ओढलं, पानावर हात फिरवला. अक्षर तिला एकही येत नव्हतं.

"ह्यात आमचा न पन हाय?"

"आहे. पानापानावर आहे. रेवा, दाखव आजीला."

रेवानं आजीचं बोट धरलं आणि एका अक्षरावर टेकवलं. "ह्यो बग, आपला." मग जरा पुढे सरकवलं. "आणि हा शाळेतला." घरची बोली आणि शाळेची, दोन्ही अगदी स्वच्छ. अनसूया बोट न उचलता कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत बसली, आणि बाई त्या दोघींकडे. बाहेर पुढचे पालक खोळंबले होते. बाईंनी त्यांना थांबू दिलं.

मे महिन्यात दोन गोष्टी घडल्या. निधीच्या कार्यालयातून सरांना फोन आला की ती तेवीस पानं वरपर्यंत वाचली गेली आहेत. तिसऱ्या वर्षाचं अजून ठरलेलं नाही, पण विषय मांडला जाईल. आणि संस्थेनं आल्बिनाबाईंना चिंचोटीच्या शाळेचं मुख्याध्यापकपद देऊ केलं. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना असं पद नाकारायचं म्हणजे वेडेपणाच. फ्रेडरिकनं केळीच्या पानांची चळत बांधता बांधता विचारलं, "काय ठरवलंस?"

"नाही म्हणून कळवलं."

"का गं?"

बाईंनी जरा विचार केला. "मी आत्ताच तर शिकवायला लागलेय," त्या म्हणाल्या.

फ्रेडरिकनं मान हलवली आणि सुंभाची गाठ ओढली.

जूनमध्ये पहिलीत चोवीस नवी मुलं आली. बाई सतरंजीवर बसल्या आणि पहिल्या मुलाला जवळ बोलावलं. त्याची पाटी अजून कोरी होती, खिशात कसलासा खाऊ होता. बाईंनी त्याला नाव विचारलं. तो काही बोलेना, शर्टाचं बटण फिरवत राहिला. बाई थांबल्या. बाकीची मुलंही थांबली. घाई कुणालाच नव्हती.